मेरी ॲन कॉटनला गिरगावात आणताना

मेरी ॲन कॉटन ही इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातली बाई. 24 मार्च 1873 रोजी तिला फाशी झाली. 21 बळी हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, पण कोर्टात शाबीत झाला तो एकच खून, 7 वर्षांच्या सावत्र मुलाचा, चार्ल्स एडवर्डचा. तिच्यावरून मराठी रहस्यकादंबरी लिहायला घेतली तेव्हा मी आधी एक तक्ता आखला. मयताचं नाव, नातं, वय, मृत्यूची तारीख, डॉक्टरने लिहिलेलं कारण, तिला मिळालेले पैसे. कारणाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा पोटाचा ताप येतो, पैशाच्या रकान्यात विमा. जिथे रकाना भरत नाही तिथे बहुधा नुसती अफवा असते, आणि अशा मृत्यूवर प्रकरण उभं करायचं नाही.

मग तेच प्रकरण 1872 च्या मुंबईत ठेवून पाहिलं. पहिल्यांदा निखळतो तो विमा. डरहॅमकडे मजुराच्या घरात लेकराचाही विमा उतरवला जाई. मुंबईत बॉम्बे म्युच्युअल 1870 ची आणि ओरिएंटल 1874 ची, पण गिरणीत साच्यावर राबणाऱ्या माणसाने पोराचा विमा काढला असं लिहिलं तर कोण खरं मानेल? म्हणून हेतू दागिन्यांवर आणला: पाटल्या, सरी, सावकाराकडचं गहाणखत. यातून पुढचं बरंच बदलतं. विम्याचे पैसे माणूस गेल्यावर येतात. दागिना आधीच घरात असतो, फक्त किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते. त्यामुळे पहिला बळी नवरा न राहता सासू होते.

कॉटनची चार लग्नं झाली, शेवटचं तर आधीचा नवरा जिवंत असताना. 1856 चा विधवाविवाहाचा कायदा होता म्हणून ब्राह्मणवाडीत हे सहज घडलं असतं असं नाही. ज्या जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, रूढी होती, तिथलीच नायिका घ्यावी लागते. मग सोयरीक जमवणारी माणसं, पहिल्या नवऱ्याच्या मुलांचा प्रश्न, हे सगळं ओघाने येतं.

सगळ्यात जास्त अडवलं ते प्रेताने. चार्ल्सच्या वेळी पहिल्या चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला होता. डॉक्टरने पोटातला अंश राखून ठेवला होता म्हणून पुढे तपासणी झाली आणि लीड्सच्या डॉ. स्कॅटरगुड यांना त्यात आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, सापडला. नंतर इतर मृतदेह उकरून तपासले गेले. सोनापुरात दहन झालेल्या सासूचं काय उकरणार? इथे लेखक हमखास डायरी नाहीतर कबुलीजबाब घुसवतो आणि रहस्य तिथेच कोसळतं. मुळात कॉटनने कबुली दिलीच नव्हती. उत्तर आपल्या रीतीतच आहे: लहान मुलांना पुरतात. म्हणजे मोठ्यांचे खून पचतात आणि तान्ह्या पोरामुळे ती सापडते. डरहॅममध्येही खटला उभा राहिला तो मुलाच्याच मृत्यूवर, त्यामुळे हा बदल मूळ घटनेच्या जवळ जातो. मला या कादंबरीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच धागा.

विषाच्या खरेदीचा प्रसंग लिहिण्यासाठी 1851 चा इंग्लंडचा आर्सेनिकविक्रीचा कायदा वाचावा. 10 पौंड वजनाच्या आतल्या विक्रीत काजळी किंवा नीळ मिसळणं सक्तीचं, शिवाय गिऱ्हाइकाचं नाव वहीत. कॉटनने चार्ल्सलाच दुकानात धाडलं होतं. दुकानदाराने पोराला माल दिला नाही, मग शेजारणीने ढेकणांसाठी म्हणून आणून दिला. मुंबई इलाख्यात विषविक्रीचा कायदा 1866 चा, त्यामुळे तो प्रसंग जवळजवळ तसाच घेता येतो. मात्रा मात्र पुस्तकात लिहू नये. वाचकाला उलट्या-जुलाब आणि शेजाऱ्यांचं 'पटकी झाली' एवढं पुरतं.

बचावाचा मुद्दा शब्दशः आणता येत नाही. तिच्या वकिलाने भिंतीच्या हिरव्या कागदातल्या आर्सेनिककडे बोट दाखवलं होतं. वाडीतल्या खोलीला चुन्याचा हात असतो. त्याऐवजी मी वैद्याचं मल्लसिंदूर घेतलं. त्यात सोमल असतोच, आणि वकील ते तापावरचं औषध म्हणून उभं करू शकतो.

तारखा फार जपाव्या लागतात. भारतीय पुराव्याचा कायदा 1 सप्टेंबर 1872 पासून लागू झाला. त्याच्या कलम 15 मध्ये, एकामागून एक घरं विमा उतरवून जळत गेली तर त्या आधीच्या आगी पुराव्यात येतात, असं उदाहरण होतं (तो कायदा 2024 मध्ये रद्द झाला). कॉटनच्या खटल्यातही आधीचे मृत्यू पुराव्यात घेतले गेले. म्हणून माझा खटला त्या तारखेनंतरच चालतो. त्याआधी प्रेताची चौकशी 1871 च्या कायद्याखालच्या कॉरोनरसमोर, ज्युरीसह. मुंबईत हे पद 1999 पर्यंत होतं, तरी बरेच लेखक जुन्या मुंबईतही थेट फौजदाराचा पंचनामा लिहून मोकळे होतात.

बळी चारच ठेवले. त्याच लक्षणांचा पाचवा मृत्यू आला की वाचक पानं उलटू लागतो. प्रत्येक मृत्यू वेगळ्या कागदातून सांगितला: सावकाराची वही, म्युनिसिपालिटीची मृत्युनोंद, शेजारणीचा जबाब, रासायनिक तपासणीचा अहवाल. बाईच्या मनात शिरणारं प्रकरण एकही नाही. तिच्या मनातलं डरहॅमच्या कागदांत नाही, आणि मी ते बनवलं असतं तर बाकीच्या खऱ्या तपशिलांवरचा विश्वासही उडाला असता.