चार आयतांत १/क्ष

वक्राखालचं क्षेत्रफळ आयत मांडून काढायला बसलो की पहिलं गणित मी मुद्दाम उत्तर माहीत असलेलं घेतो, म्हणजे चूक झाली तर लगेच कळते. या वेळी घेतला य = १/क्ष हा वक्र, क्ष १ पासून २ पर्यंत. खरं उत्तर २ चा नैसर्गिक लॉग (e आधाराचा), ०.६९३१.

आयत चार, म्हणून रुंदी (२ − १) ÷ ४ = ०.२५. इथेच पहिला घोटाळा होतो: १, १.२५, १.५, १.७५, २ असे बिंदू पाच दिसतात आणि हात पाचाने भागायला जातो. भागायचं ते तुकड्यांच्या संख्येने.

डाव्या टोकाची उंची घेतली तर १ + ०.८ + ०.६६६७ + ०.५७१४ = ३.०३८१. रुंदीने गुणून ०.७५९५. उजवीकडून घेताना सगळं पुन्हा मांडत नाही. पहिली उंची १ काढायची, शेवटची ०.५ घालायची. २.५३८१ × ०.२५ = ०.६३४५. वक्र उतरता असल्याने डावी बेरीज जास्त आणि उजवी कमी. चढत्या वक्राला उलट. खरं उत्तर या दोहोंत अडकलेलं. दोघींतलं अंतर ०.१२५, म्हणजे रुंदी गुणिले दोन टोकांच्या उंचींतला फरक. हेच अंतर ०.००१ वर आणायचं तर ५०० आयत लागतील. एवढी हमाली कोण करणार?

म्हणून मध्यबिंदू, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या मध्यावरची उंची. क्ष = १.१२५, १.३७५, १.६२५, १.८७५ इथल्या उंची ०.८८८९, ०.७२७३, ०.६१५४, ०.५३३३. बेरीज २.७६४९, गुणून ०.६९१२. तेवढ्याच चार आयतांत चूक फक्त ०.००१९! प्रत्येक आयताचा एका बाजूला वर आलेला तुकडा दुसऱ्या बाजूची कमतरता जवळपास भरून काढतो. आयत दुप्पट केले की ही चूक साधारण चौथाई होते.

मात्र मध्यबिंदू क्षचा घ्यायचा, उंचीचा नाही. १ आणि ०.८ ची सरासरी ०.९ येते, ०.८८८९ नव्हे. उंचींच्या सरासरीने होतो तो समलंब चौकोन, आणि त्याचं उत्तर ०.६९७०. हा वक्र झोळीसारखा खाली लोंबतो, टोकं जोडणारी रेघ त्याच्या वर राहते, म्हणून उत्तर जास्त. चूक मध्यबिंदूच्या साधारण दुप्पट.

गुणाकार होईपर्यंत उंचीचे चार दशांश तरी ठेवावेत. ०.५३३३ चं ०.५३ केलं की मध्यबिंदूने कमावलेली काही अचूकता इथे गमावली जाते.

डावी-उजवी बेरीज जुळली म्हणून हुरळून जाऊ नये. साइन वक्र ० ते पाय (π) घ्या: चार आयतांत दोन्ही बेरजा १.८९६१, खरं उत्तर २. तिथे दोन्ही टोकांची उंची शून्य आहे, म्हणून त्या जुळतात. वक्र आधी चढून मग उतरत असेल तर या दोन बेरजांत उत्तर सापडेलच असं नाही. शिखरापाशी तुकडे पाडून दोन्ही बाजू वेगळ्या मोजाव्या.