पनामातले विषारी बेडूक: बोकास आणि चाग्रेसची ट्रिप, जाणाऱ्यांसाठी माहितीसकट

ज्यांना विषारी बेडूक काचेच्या पेटीत नाही तर रानात बघायचेत त्यांनी सरळ पनामातला बोकास देल तोरो हा बेटांचा समूह गाठावा. पनामा सिटीच्या आल्ब्रूक विमानतळावरून छोटं विमान तासाभरात पोचवतं, नाहीतर आल्ब्रूकच्याच बस टर्मिनलवरून रात्रीची बस घ्यायची, सकाळी आल्मिरान्ते बंदराला उतरायचं आणि तिथून अर्ध्या तासाची वॉटर टॅक्सी. बसमधला एसी मरणाचा गार असतो, स्वेटर हाताशी ठेवा. डॉलर चालतात, फक्त सुट्टे जवळ असू द्या.

बोकास टाऊनमधून बास्तिमेन्तोस बेटावरच्या रेड फ्रॉग बीचला बोटी मिळतात. नावात बीच असलं तरी बेडूक वाळूत नसतात, जेट्टीवरून बीचकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेची झाडी बघायची. रात्री पाऊस पडून गेला असेल तर सकाळी लवकर जा, उन्हं वर आली की ते पाल्याखाली जातात. आधी कान द्या, बारीक किरकिर ऐकू येते, तो नर असतो. आवाज येईल तिकडे मुळांशी नजर लावून बसलं की दिसतोच. स्ट्रॉबेरी पॉयझन फ्रॉग, जेमतेम दोन सेंटिमीटर, अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा. बास्तिमेन्तोसवर लाल-केशरी आणि अंगावर काळे ठिपके, सोलार्तेवर नुसते केशरी, इस्ला कोलोनवर हिरवट-पिवळे, आणि हे सगळे एकाच जातीचे बरं का, नुसतं बेट बदललं की रंग बदलतो!

मला जे बघायला मिळालं ते मी विसरणार नाही. एक मादी पाठीवर काळपट टॅडपोल घेऊन झाडावर चढत होती. अननसासारखी पानं असलेलं ब्रोमेलियाड असतं ना, त्याच्या पानाच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठतं, तिथे ती उलटी होऊन पाठचा भाग पाण्यात बुडवून थांबली, पिल्लू सुटेपर्यंत. पुढे त्या पिल्लाला खायला म्हणून ती फलन न झालेली अंडी घालायला परत परत येते. एवढासा जीव आणि एवढी मेहनत.

आता विषाचं. हा बेडूक विष स्वतः बनवत नाही, मुंग्या आणि माइट्स नावाचे बारीक किडे खाऊन त्यांच्यातली अल्कलॉइड्स (विषारी रसायनं) कातडीत साठवतो, म्हणूनच पेटीत फळमाश्यांवर वाढवलेले पॉयझन फ्रॉग बिनविषारी असतात. या लाल बेडकाने माणूस मरत नाही, पण हात लावू नका, आणि तेही मुख्यतः त्याच्यासाठी. आपल्या हातावरचं मच्छर रिपेलंट आणि सनस्क्रीन त्याच्या कातडीतून थेट आत जातं. कोणी पानात बेडूक ठेवून फोटोसाठी पुढे केला तर पैसे देऊ नका. फ्लॅश बंद ठेवा आणि पायात बंद बूट घाला.

शिकारीच्या बाणांना ज्याचं विष लावत तो बेडूक हा नव्हेच, आणि हे मला प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. बाणांसाठी वापर झाल्याची पक्की नोंद फक्त तीन जातींची आहे, तिन्ही पश्चिम कोलंबियातल्या. त्यातला सगळ्यात जहाल तो पिवळाजर्द टेरिबिलिस, शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन १९७८ मध्ये केलं. त्याच्या एकट्याच्या कातडीत साधारण एक मिलिग्रॅम बॅट्राकोटॉक्सिन हे विष असू शकतं, दहाएक माणसांना पुरेल असा अंदाज आहे. त्याने मज्जातंतूंमधले सोडियम चॅनल, म्हणजे सोडियम आत घेणारी दारं, उघडे ते उघडेच राहतात आणि हृदय बंद पडतं, उतारा नाही. एम्बेरा या आदिवासी जमातीचे शिकारी फुंकनळीच्या बाणाचं टोक जिवंत बेडकाच्या पाठीवर नुसतं घासायचे आणि त्याला सोडून द्यायचे, ते विष वर्षभरसुद्धा टिकतं. बाकीच्या दोन जाती कमी जहाल, त्यामुळे त्यांना काडीवर टोचून विस्तवाजवळ धरत आणि घाम सुटल्यासारखं जे विष येई ते घेत. हे वाचताना मला खूप वाईट वाटलं होतं, पण ते पोटासाठी होतं हेही खरं.

एम्बेरा लोकांना भेटायचं असेल तर पनामा सिटीहून चाग्रेस नॅशनल पार्कची दिवसभराची टूर घ्या. तासभर गाडी आणि मग लाकडी होडी, उन्हाळ्यात पाणी कमी असलं तर मध्ये उतरून चालावं लागतं, त्यामुळे भिजतील असे कपडे घाला. ही मंडळी पनामाच्या पूर्वेकडच्या दारिएनमधून इथे आली, पार्क झाल्यावर शिकार बंद, आता पर्यटनावर घर चालतं. म्हणून ताडाच्या धाग्यांच्या टोपल्या घ्यायच्या तर तिथेच बायकांकडून घ्या आणि फार घासाघीस करू नका. जेवणात पानात दिलेला तळलेला मासा आणि कच्च्या केळ्याचे पातकोनेस, म्हणजे तळलेले चपटे काप, असतात, शाकाहारी लोकांनी टूरवाल्याला आधी सांगावं.

आणखी एक, काम्बो, म्हणजे बेडकाचा स्राव अंगाला लावायचा प्रकार. या भागात फिरताना त्याच्या रिट्रीटची, म्हणजे शिबिरांची, जाहिरात दिसू शकते. त्यातला बेडूक वेगळाच, अ‍ॅमेझॉनमधला मोठा हिरवा, झाडावरचा. पेरू-ब्राझीलच्या सीमेवरचे मात्सेस लोक शिकारीआधी दंडावर डाग देऊन त्यावर त्याचा स्राव लावतात, उलट्या होतात, तोंड सुजतं, मग म्हणे अंगात बळ येतं. त्यांच्या रानात, त्यांच्या माहितगार माणसांच्या हाताखाली ते ठीक असेल, पण पैसे घेऊन डिटॉक्स म्हणून विकतात त्यात माणसं दगावलीत. ब्राझीलने २००४ मध्ये जाहिरातींवर बंदी आणली, ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये थेट काम्बोवरच. कृपा करून करू नका, विशेषतः बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर विचारसुद्धा नको.

पनामाहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर क्वारंटाइन करतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या, तिथे अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून तिकीट काढलं की लगेच नंबर लावा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते बुकिंगआधी एम्बसीच्या साइटवर बघून घ्या.