कडुनिंबांची रांग : सोलापूरहून एक सकाळ

बारा जानेवारीला सकाळी चार पुतळ्यांपाशी हात जोडले आणि मामांबरोबर निघालो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी झाली. आदल्या मे महिन्यात, सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, दारूसाठीची शिंदीची झाडं तोडणाऱ्यांची धरपकड झाली, त्यातून गोळीबार झाला, मग शहरावर मार्शल लॉ आला. हे मामांनी मला लहानपणीच सांगितलेलं. त्यांच्या गावची झाडं मात्र मी कधी पाहिली नव्हती.

बार्शी रस्त्यावर फाट्याला उतरून पुढं वडाप. शाळेच्या कुंपणालगत कडुनिंबांची रांग आहे. १९७१ च्या लढाईला गावातून जेवढे गेले, तेवढी झाडं. परत आलेल्यांचंही, न आलेल्यांचंही. रोपं लावली पुढच्या पावसाळ्याच्या भरवशावर, आणि १९७२ ला पाऊसच झाला नाही. बायका दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, तिथं मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक खाऊ, घेऊन घरी यायच्या आणि भांडी विसळलेलं पाणी तांब्या-तांब्यानं या रोपांना घालायच्या. शेळ्या शिरू नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्या.

मामा तिसऱ्या झाडाशी थांबले. तारेनं बांधलेली पत्र्याची पाटी खोडानं जवळजवळ गिळलीय. 'शिपाई' एवढंच वाचता येतं. त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे माझं. पहिलं वाळलं बघ. मी तिकडं सीमेवर, अन् इथं माझं झाड वाळलेलं. आईनं कुणाला न सांगता रातोरात दुसरं लावलं." मग बराच वेळ आम्ही तिथंच बसलो.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा; उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, लॉज आधीच ठरवा. शाळा भरलेली असेल तर गुरुजींना विचारून आत जा. नाव वाचायला साल खरवडू नका. पारावरच्या म्हाताऱ्यांना रांग पाठ आहे, ते हौसेनं सांगतात. टोकाची दोन रोपं गेल्या पावसाळ्यातली आहेत, गुडघ्याएवढी. जवळ नळ नाही. फाट्यावरच्या हॉटेलातून पाच लिटरचा कॅन भरून न्या.