पाच मीटरच्या पुढे: आमची वाटचाल

२०११ साली कोल्हापूरच्या राजारामपुरीत दहा बाय बाराचा गाळा घेतला, तेव्हा पाटीवर ‘कॉम्प्युटर रिपेअरिंग, टोनर रिफिलिंग’ एवढंच होतं. केबली खिळ्याला अडकवलेल्या असायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, “जरा लांब द्या की,” आणि आम्ही लांब द्यायचो. चालली तर चालली, नाही चालली तर बदलून. मी दुरुस्ती बघायचो आणि मेहुणा खरेदी बघायचा. आजही तसंच आहे.

आमचा धंदा लांब यूएसबी केबलीवर आला तो २०२० मध्ये, आणि तोही फजितीतून. लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती, बाकीचे पाहुणे घरी बसून अक्षता टाकणार. एका कार्यालयानं थेट प्रक्षेपणाचं काम दिलं. कॉम्प्युटर ऑफिसात आणि कॅमेरा स्टेजसमोरच्या माळ्यावर, मध्ये अठरा मीटर. पाच-पाच मीटरच्या चार साध्या एक्स्टेन्शन जोडल्या, तर कॉम्प्युटर म्हणतो, डिव्हाइस ओळखता येत नाही.

मग वाचायला बसलो. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरची, कारण सिग्नलला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला २६ नॅनोसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, असा नियमच आहे. शिवाय लांबीबरोबर सिग्नल मरगळतो तो वेगळाच. ॲक्टिव्ह केबलीत एक चिप असते, बहुतेक वेळा एका पोर्टचा हबच (हब म्हणजे कॉम्प्युटरचं यूएसबी पोर्ट पुढे वाढवून देणारा भाग). ती सिग्नल घेते, पुन्हा ताजा करते आणि पुढे सोडते. पण म्हणून केबलीला केबल कितीही जोडता येत नाही. कॉम्प्युटरनं हाक मारली की ठरावीक वेळात समोरून ‘ओ’ यावी लागते, आणि त्या हिशोबात वाटेत पाचच हब धरलेले आहेत. पाच हब, सहा तुकडे, म्हणजे तीस मीटर. त्यापुढे ‘ओ’ आली तरी उशिरा येते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दहा मीटरच्या दोन ॲक्टिव्ह केबली मागवल्या. आदल्या संध्याकाळी दुकानातला छोटा वेबकॅम लावून बघितला, चित्र एकदम स्वच्छ. लग्नादिवशी कार्यालयाच्या मालकांनी त्यांचा झूमवाला कॅमेरा आणला. पहिली वीस मिनिटं ठीक गेली. मंगलाष्टकांचं दुसरं कडवं सुरू झालं आणि चित्र गेलं. आलं, पुन्हा गेलं. झूमची मोटर फिरली की कॅमेरा बसायचा. शेवटी मेहुण्यानं मोबाइल खुर्चीच्या पाठीला टेकवून बाकीचं लग्न दाखवलं. मुलीची आजी पुण्याहून फोन करून विचारत होती, “अहो, सगळं आडवं का दिसतंय?” त्या दिवशीचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

दुकानात येऊन मीटर लावला. कॉम्प्युटरपाशी पाच व्होल्ट आणि कॅमेऱ्याच्या टोकाला, भार चालू असताना, ४.१. नियमानं तिथं निदान ४.४ हवेत. तारेला रोध असतो, हे आयटीआयमध्ये शिकलोय मी! जरा जाड तार धरली तरी जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं होतं, त्यातून ३०० मिलिअँपिअर ओढले की एक व्होल्ट वाटेतच संपतो. त्यात, पॉवर कॉम्प्युटरकडूनच घेणाऱ्या हबनं पुढच्या पोर्टला १०० मिलिअँपिअरच द्यायचे असतात. म्हणजे चिप सिग्नलचं बघते, करंटचं नाही. त्या केबलीच्या टोकाला अ‍ॅडॉप्टरची एक बारीक गोल खाच होती, तिच्याकडे आम्ही ढुंकूनही बघितलं नव्हतं. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला आणि तोच कॅमेरा दिवसभर हलला नाही.

त्यानंतर कामं वाढली: कॉलेजचे हॉल, सोसायटीच्या मीटिंगरूम, एक कीर्तनाचा मंडप. फसलोही. एका मीटिंगरूममध्ये हिशोबानं चारच हब होते, तरी स्पीकरफोन उठेना. शेवटी कळलं, एक हब स्पीकरफोनच्या पोटात आणि एक कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टांमागे, ते आम्ही मोजलेच नव्हते. कीबोर्ड मात्र त्याच केबलीवर एकदा कसाबसा चालला, म्हणून गिऱ्हाइकाला वाटायचं आम्हीच काहीतरी लपवतोय.

एकदा एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात पंचवीस ‘ॲक्टिव्ह’ केबली घेतल्या. मधे रबराचा छान फुगवटा होता. तीन परत आल्यावर मेहुण्यानं ब्लेडनं फुगवटा उभा चिरला. आत चिप नाही, बिप नाही. चार तारा डाग देऊन जोडलेल्या आणि वर गरम गोंदाचा गोळा. ती चिरलेली केबल अजून काउंटरवर ठेवली आहे. तेव्हापासून माल आला की आम्ही आधी नुसती केबल कॉम्प्युटरला लावतो. पलीकडे काही न जोडता डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, नवा हब दिसला पाहिजे. (यूएसबी ३ च्या काही केबलींत हब नसतो, फक्त सिग्नल उचलणारी चिप असते. त्या तपासायला त्याच वेगाची हार्डडिस्क जोडून मोठी फाइल पाठवून बघतो.)

तीस मीटरच्या पुढे आम्ही कॅट-सिक्सवर, म्हणजे नेटवर्कला वापरतात त्या वायरीवर, यूएसबी सिग्नल नेणारे डबे देतो, एक इकडे, एक तिकडे. त्यांच्या मधली वायर दिसते नेटवर्कची, पण ती नेटवर्कची नव्हे. एका ऑफिसातल्या मुलानं ती नीटनेटकी दिसावी म्हणून नेटवर्कच्या स्विचमध्ये खोचली आणि शनिवारची आमची दुपार खाल्ली. फायबरच्या यूएसबी केबलीही देतो, पण सांभाळून. त्यांना एक टोक कॉम्प्युटरचं, एक उपकरणाचं असं ठरलेलं असतं, आणि दाराच्या चौकटीत काटकोनात दाबली की संपली.

सगळ्यात समाधान देणारं काम मात्र केबल न विकण्याचं होतं. एका गूळ व्यापाऱ्याच्या वजनकाट्याचा आकडा कॉम्प्युटरवर मध्येच गोठायचा. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल सिग्नल (एकामागून एक बिट पाठवणारा, यूएसबीच्या आधीचा प्रकार) निघत होता. कुणीतरी तिथंच यूएसबी कन्व्हर्टर लावून पुढे बारा मीटर ॲक्टिव्ह केबल ओढली होती. शेजारची मोटर सुरू झाली की हब बसायचा. आम्ही कन्व्हर्टर उचलून कॉम्प्युटरपाशी आणला आणि मधे साधी शिल्डवाली सिरियल वायर ओढली. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला आरएस-२३२, म्हणजे हा साधा सिरियल सिग्नल, बारा मीटर आरामात जातो. अंतर शंभरावर असतं तर आरएस-४८५ हा लांब पल्ल्याचा सिरियल प्रकार लावला असता, तो बाराशे मीटरपर्यंत जातो. व्यापारी म्हणाले, “एवढंच हुतं व्हय?” बिल झालं साडेसहाशे रुपये, वर एक गुळाची ढेप.

त्यांच्या ओळखीनं यंदा आणखी तीन काटे आलेत. गळीत हंगामाआधी उरकायचे आहेत, आणि मेहुणा शिल्डवाल्या वायरीचं बंडल आणायला सकाळीच पुण्याला तपकीर गल्लीत गेलाय.