‘कसं झालं?’ हा रकाना

लग्नाची पंगत असो, एसटीतली शेजारची सीट असो, मला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे. तो दोन हप्त्यांत येतो. पहिला हप्ता: “डॉक्टर ना तुम्ही? मग दवाखाना कुठाय?” दवाखाना नाही, संशोधन करते, असं सांगितलं की दुसरा: “कशावर?” अपघातांवर, दुखापतींवर, त्या होऊ नयेत म्हणून काय करता येईल यावर. एवढं ऐकल्यावर बहुतेक लोक सभ्यपणे गप्प बसतात. माझी मावशी बसत नाही. भर पंगतीत, हातात जिलबी, ती म्हणाली होती, “अगं, अपघात काय सांगून येतो? त्यावर कसलं डोंबलाचं संशोधन?”

तर मावशी, तू विचारलंस आणि बाकीच्यांनीही विचारलंत म्हणून सांगते. पुष्कळदा तो सांगूनच येतो. आपण लिहून घेत नाही.

एमबीबीएसनंतर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. सपाटीवर साधारण 30,000 लोकांमागे असं एक केंद्र असतं, म्हणजे वीस-पंचवीस गावं आणि वाड्या तुमच्या अंगणात. तिथल्या ओपीडी रजिस्टरचे रकाने मला अजून पाठ आहेत: नाव, वय, गाव, निदान, उपचार. निदानाखाली लिहायचं ‘सीएलडब्ल्यू, उजवा हात’. म्हणजे चिरडून फाटलेली जखम. उपचाराखाली ‘टाके, ड्रेसिंग, टीटी’, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन. संपलं. जखम कशाने झाली, कुठे झाली, तेव्हा तो माणूस काय करत होता, हे विचारायला रकानाच नव्हता. टाके घालताना पेशंट ते सगळं सांगत असे, आणि आपण ‘हं, हं’ करत गाठी मारत असू. जखमेचं कारण पेशंटबरोबरच दाराबाहेर निघून जायचं.

दोन महिन्यांत एकाच वस्तीवरचं तिसरं बोट शिवायला घेतलं, तेव्हा मी सिस्टरना म्हटलं, हे काय आहे? त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, कुट्टी मशीन.” त्यांना ठाऊकच होतं. कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी वस्तीवर जाऊन ते कडबा कापायचं यंत्र बघितलं. कडबा आत सारायचा पत्रा जेमतेम वीतभर. शेवटची पेंढी अडकली की हाताने ढकलायची, आणि तिथून पाती हातभरही लांब नाहीत. पात्यांवरचं झाकण काढून ठेवलेलं, कारण चारा तुंबतो. “सांभाळून करा” हे त्या घरात मी सांगायची गरज नव्हती, तिथलं प्रत्येक माणूस दुसऱ्याला तेच सांगत होतं. उपाय वेल्डिंगवाल्याने केला. पत्रा लांब करून दिला, इतका की हात पात्यांपर्यंत पोचतच नाही. माझ्या वैद्यकीय कारकिर्दीतला तो पहिला यशस्वी उपचार, आणि त्याची फी वेल्डिंगवाल्याने घेतली. पुढे वाचनात आलं की दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन यांनी हरियाणाच्या खेड्यांत हाच रस्ता फार आधी चालून ठेवला होता. बोटं कशी तुटतात ते आधी मोजायचं, मग यंत्र बदलायचं.

पण माझी झोप ज्याने उडवली ते शेततळं.

तुम्ही शेततळं जवळून बघितलंय का? विहीर निदान भीतीदायक दिसते. काळं पाणी, कठडा, आत वाकलं की घुमणारा आवाज. शेततळं तसं दिसतच नाही. उतरत्या कडा, सपाट निवांत पाणी, दुपारी त्यात आभाळ. पाणी झिरपू नये म्हणून तळाला आणि उतारांना जाड प्लास्टिक अंथरलेलं असतं. आमच्याकडे त्याला नुसतं ‘कागद’ म्हणतात. पाण्याखाली त्या कागदावर शेवाळ धरतं. मग चांगला पोहणारा तरणा गडीही त्यावर पाय रोवू शकत नाही, आणि हाताने धरावं असं काहीच नसतं. तो काठाशी येतो, घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो, आणि दमतो. म्हणूनच एकाला काढायला उतरलेला दुसराही जातो. बातमी तुम्ही दर उन्हाळ्यात वाचताच.

शेततळ्यात बुडालेल्या अशाच एका मुलाच्या घरी मी गेले होते. मूल अडीच वर्षांचं होतं. ओसरीवर आजी बसलेली. ती एकच वाक्य बोलत होती, “माझं लक्ष नव्हतं.” सरपंच म्हणाले, आईचं लक्ष नव्हतं. पंचनाम्याला आलेला हवालदारही तेच म्हणाला. मग मी एक अगोचरपणा केला. शेजारच्या वस्तीवर सकाळी नऊ ते बारा, ओट्यावर नुसती बसून राहिले, वही घेऊन. तिथली आई या तीन तासांत भाकरी, धारेची भांडी, गोठा, दोन फोन आणि तापाने पडलेली सासू सांभाळत होती. साडेदहाला थ्री फेजची लाईट आली. लाईट आली की मोटर चालू करायला पळायचंच, ती कधी जाईल सांगता येत नाही. ती पळाली. मूल तिच्या मागे निघालं, मग कोंबडीमागे वळलं. मी वहीत लिहिलं: ‘सहा मिनिटं’. माझं लक्ष होतं, म्हणून ती सहा मिनिटं मला दिसली. तिला ती कधी दिसणार?

विल्यम हॅडन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. 1966 मध्ये तिथल्या सरकारने रस्त्यांच्या सुरक्षेसाठी नवं खातं काढलं, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांनी 1970 च्या सुमारास एक साधा तक्ता मांडला. आडव्या तीन ओळी: घडण्याआधी, घडताना, घडल्यावर. उभे रकाने: माणूस, वस्तू, परिसर. आमच्या धंद्यात अजूनही तो पहिल्याच आठवड्यात शिकवतात. गंमत अशी की ‘लक्ष ठेवा’ हा सल्ला त्या तक्त्यात फक्त एका चौकोनात बसतो, आणि आपली सगळी पोस्टर्स, भाषणं, शाळेतल्या प्रतिज्ञा त्याच एका चौकोनात कोंबलेली असतात. बाकीचे रिकामे.

ते रिकामे चौकोन शेततळ्यासाठी भरून बघा. आधी: काठाला जाळीचं कुंपण आणि लहान मुलाला उघडता येणार नाही असं फाटक. घडताना: चारही बाजूंना पाण्यात सोडलेलं, धरून वर येता येईल असं काहीतरी. घडल्यावर: बाहेर काढलेल्या मुलाला पालथं घालून पोट दाबायचं नाही, डोक्यावर घेऊन गरगर फिरवायचं नाही, तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची, आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 पासून आहे, पण ती कितीही लवकर आली तरी बुडालेल्याची पहिली चार मिनिटं वस्तीवरच्या माणसांच्याच हातात असतात. म्हणून आशाताईंना बाहुलीवर श्वास द्यायला शिकवणं हे मी माझं काम मानते.

‘धरायला काहीतरी’ यात मी सपशेल तोंडावर पडले. पहिल्या वर्षी आम्ही चांगले नायलॉनचे दोर बांधले, गाठी मारून. पावसाळ्यानंतर बघते तर निम्मे गायब. चोरी नाही हो. चांगला दोर पाण्यात सडत ठेवायचा कशाला, म्हणून तो बैलाला गेला, बादलीला गेला. बरोबरच आहे. मग एका शेतकऱ्याने स्वतःच मार्ग काढला: मोटारसायकलचे झिजलेले टायर एकात एक ओवून उतारावर शिडीसारखे सोडले. झिजलेला टायर कोणी नेत नाही. एवढी अक्कल माझ्या शोधनिबंधात नव्हती.

आणि तो ‘घडण्याआधी’चा चौकोन, मुलाचा? जगभरात बुडून मरण्याचा धोका सर्वांत जास्त 1 ते 4 या वयात असतो. बांगलादेशात यावर फार मोठं काम झालंय. आई घाईत असते नेमक्या त्या वेळात, सकाळी नऊ ते एक, गावातच एका घरी पाच वर्षांखालची मुलं सांभाळायची. या पाळणाघरांना ते ‘आंचल’ म्हणतात. त्यांनी बुडण्याचे मृत्यू खूप खाली आणले. आपल्याकडे अंगणवाडी आहे, ताई आहे, खोली आहे, पण तिथे बसायला मिळतं तिसऱ्या वर्षापासून. चालायला लागल्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत मूल कोणाचं? यावर मी तालुक्यापासून वरपर्यंत बोलून झालंय. ‘चांगली सूचना आहे’ एवढंच ऐकलंय.

मावशीला ‘डॉक्टरकी वाया गेली’ असं वाटतं, म्हणून हेही सांगते. डॉ. हिम्मतराव बावसकर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचवाने चावलेल्या पेशंटांच्या उशाशी रात्र रात्र बसले, प्रत्येकाचं काय होतं ते टिपत राहिले. त्यातूनच प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपचार उभा राहिला आणि मृत्यू कमालीचे घटले. आरोग्य केंद्रात संशोधन होत नाही असं कोणी म्हटलं की मी तेवढंच सांगते. नोंद ठेवायला प्रयोगशाळा लागत नाही.

मी मात्र नोंदीतही आधी चुकले. मोठ्या उत्साहाने चार पानी फॉर्म केला. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात ‘काय मोडलं’ आणि ‘कशाने मोडलं’ यांचे कोड वेगवेगळे असतात. मांडीचं हाड म्हणजे एस 72, ते कसं मोडलं याचा कोड निराळा, आणि काहीच कळलं नाही तर एक्स 59. मी सगळे छापले. सिस्टरनी तो फॉर्म दोन दिवस भरला आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर ठेवला. “मॅडम, सगळे एक्स 59 करून देऊ का? लवकर होईल.” मग फॉर्म फाडला. रजिस्टरमध्ये पट्टीने एक रेघ मारून फक्त एक रकाना वाढवला. वर लिहिलं: ‘कसं झालं?’

आता त्यात असं सापडतं: ‘कोयता. ऊस तोडताना. पहाटे चार, उजेड नाही.’ ‘आजी, न्हाणीत. धरायला नळ, तोच निखळला.’ ‘गाडी घसरली. गतिरोधक नवा, पट्टे मारले नाहीत.’ ही शेवटची नोंद एका आठवड्यात तीनदा आली. चौथ्या दिवशी सिस्टर रजिस्टर काखेत मारून स्वतः ग्रामपंचायतीत गेल्या, आणि पांढरे पट्टे आले.

गेल्या पावसाळ्यात मावशी अंगणात पडली. मनगट मोडलं. फोनवर म्हणाली, “माझंच लक्ष नव्हतं गं.”

मी विचारलं, “चप्पल कोणती होती पायात?”

जरा वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “काकांची. मला मोठी होते.”