दुकानात मिळते, मग शिवायची कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंगळवार पेठेतल्या माझ्या दुकानात ब्लाउज टाकायला आलेल्या बायकांना मशीनशेजारी इलॅस्टिकची रिळं दिसतात, बारक्या कड्या दिसतात, जाळीचं कापड दिसतं. मग आवाज खाली आणून विचारतात, "वहिनी, ब्रा पण शिवता तुम्ही? दुकानात दोनशेला तयार मिळते की! शिवायची कशाला?"

पैठणीवर तयार ब्लाउज घ्याल का तुम्ही? नाही घेणार. मुंढा पाव इंच सैल राहिला तरी परत घेऊन येता, आणि यावंच. पण त्या ब्लाउजच्या आत जे सकाळपासून रात्रीपर्यंत कातडीला लागून असतं, त्याचं माप आजवर कुणी घेतलं तुमचं? काउंटरपलीकडचा माणूस एकदा बघतो, एक खोकं पुढं सरकवतो, आपण कागदात गुंडाळून पिशवीत टाकतो. घालून बघायचा प्रश्नच नसतो.

मीही हेच करत होते. वीस वर्षं ब्लाउज शिवतेय, आणि वीस वर्षं ३८ बी घालत होते. माझ्या वहीत माझी छाती ३८ लिहिलेली, म्हणून ब्राही ३८. यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

मागच्या वर्षी राजारामपुरीत एका बाईंनी ब्रा शिवायचा चार दिवसांचा वर्ग घेतला. बंगळूरच्या कारखान्यात बरीच वर्षं याच कामात हात बसलेल्या बाई. आम्ही सहा जणी, सहा मशिनी. पहिल्या दिवशी त्यांनी कात्रीला हात लावू दिला नाही. फक्त टेप. एकमेकींची मापं घ्यायची, आणि तीही ब्लाउजला घेतो तशी नाही. स्तनांच्या खाली, बरगड्यांवर, श्वास सोडून, टेप घट्ट धरून. सगळ्या जणी शिवणकामात मुरलेल्या, पण तिथं टेप लावायची वेळ आमच्यातल्या एकीवरही कधी आली नव्हती.

माझं खालचं माप भरलं ३४. वरचं ३८. या दोन्हींत एक इंचाचा फरक असेल तर ए, दोनचा बी, तीनचा सी, चारचा डी. म्हणजे मी ३४ डी. बाईंनी फळ्यावर लिहिलं: ३८ बी, ३६ सी, ३४ डी. या तिन्हींच्या कपात मावतं सारखंच. अक्षर एकट्यानं काही सांगत नाही, ते खालच्या मापाशी जोडलेलं असतं. माझा कप इतकी वर्षं बरोबरच होता. पट्टा तेवढा चार इंच मोठा होता. खरं वजन पेलायचं असतं ते या खालच्या पट्ट्यानं. तो सैल असला की पाठीवर वर चढतो, आणि सगळा भार खांद्यांच्या पट्ट्यांवर येतो. खांद्यांवरचे खड्डे मी आजवर वयाचे समजत होते.

बाई बोलता बोलता सांगायच्या. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईनं दोन रुमाल आणि रिबिनी जोडून ब्रा केली आणि १९१४ साली तिचं पेटंट घेतलं. कपाची ए-बी-सी-डी आली पुढं १९३२ साली, तिथल्याच कॅम्प नावाच्या कंपनीकडून. ऐकताना मला आजीची चोळी डोळ्यांपुढं आली. गुळेदगुड्डच्या खणाची, तिच्या एकटीच्या अंगावर बेतलेली, पुढं गाठ मारायची. त्या दिवशी अंग जसं असेल तशी ती गाठ घट्ट किंवा सैल बांधायची. नंबर कसला, अक्षर कसलं, आजीला काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कापड हातात आलं आणि माझ्या वीस वर्षांच्या सवयी एकेक करून अडायला लागल्या. खण, रेशीम, रुबिया, यातलं काही ताणत नाही. पाठीच्या पट्ट्याला लागतं ते पॉवर नेट, म्हणजे ते जाळीचं कापड, ताणतं, आणि त्याचा जास्तीचा ताण अंगाभोवती आडवा यायला हवा. मी उभा कापला. पट्टा छातीभोवती पुरेचना, आणि मीटरभर कापड वाया गेलं. दुसरी सवय मायेची. ब्लाउजला आपण दीड दीड इंच माया ठेवतो, पुढं अंग भरलं तर उसवायला. ब्राला माया फक्त सहा मिलिमीटर. जास्त ठेवली तर ती आत टोचते. आणि पट्ट्याला सरळ टीप चालतच नाही, पट्टा ताणला की दोरा तटकन तुटतो. नागमोडी झिगझॅग हवी, गोल टोकाची बॉलपॉइंट सुई हवी. काठाचं इलॅस्टिक दोनदा शिवायचं: एकदा सुलट बाजूनं, मग आत दुमडून परत, किंचित ताण देत. हा 'किंचित' हाताला कळायला मला अख्खा दिवस लागला.

कपाशी आले तेव्हा मात्र हात आपोआप चालायला लागले. दोन तुकडे, एक फुगीर कडेचा आणि एक खोलगट कडेचा, न चुणता जोडायचे. ही तर आपली कटोरी! बाईंनी माझा कप हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. सांगताना आजही बरं वाटतं. एक कप आधी साध्या कापडाचा शिवून अंगावर बघायचा. डावा-उजवा सारखा नसतो, म्हणून मोठ्या बाजूच्या मापानं जायचं. कपाखालची वायर निवडायची ती स्तनाच्या मुळाच्या गोलाईवरून, आणि ती ज्यात सरकवतो त्या कापडी नळीत तिला दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवायची, नाहीतर महिन्याभरात टोक बाहेर येऊन काखेत बोचतं. दोन कपांमधली पट्टी छातीच्या हाडाला चिकटून बसली पाहिजे. तिथं पोकळी राहिली की कप लहान झालाय, बहुतेक वेळा हेच कारण असतं.

हे सगळं शिवायचं नसलं तरी एवढं आजच बघा: दोन्ही हात वर करा. खालचा पट्टा वर सरकला तर तो सैल आहे. आणि नवी घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसणारी घ्या. इलॅस्टिक ढिलं पडत जातं तसं आतल्या हुकावर यायचं, ती जागा त्यासाठीच असते.

तर, शिवायची कशाला. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिचा उजवा खांदा धरलाय, हात मागं जात नाही. हुक पुढं लावून ब्रा गरागरा मागं फिरवायची, आणि रोज कळवळायची. वर्गाहून आले आणि पहिली तिचीच करायला घेतली. टेप बघून म्हणाली, "ह्या वयात माझं माप काय घेतीस?" तरी उभी राहिली. वायर घातली नाही. मऊ होजिअरी, खांद्याला रुंद पट्ट्या, आणि हुकांची ओळ पुढं, आजीच्या गाठीच्या जागी. पहिली काखेत काचली. दुसरीची मधली पट्टी फाकली, कारण हुकांच्या मागं अस्तर द्यायचं मी विसरले होते. तिसरी घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराशी जाऊन विचारलं, "आई, येऊ का लावायला?"

"नको. लागलं की माझं मला," आतून आवाज आला. मग पदर सारखा करत बाहेर आली आणि म्हणाली, "दुसरी कवा देतीस?"