धनुष्याच्या पाठीसाठी नसांचे तंतू काढताना

बांबूच्या धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे ओढणाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, जनावराच्या नसांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) तंतू सरसाने, म्हणजे कातडी-हाडे उकळून केलेल्या गोंदाने, बसवायचे, असे मी यंदा ठरवले. धनुष्य ओढले की पाठीवर ताण येतो. तो हे तंतू सोसतात, म्हणून आखूड धनुष्यही न मोडता खोल वाकते. बांबू किनवटच्या बाजूने आणला होता. अडले ते नसांपाशी.

2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे म्हशीच्याच नसा घ्याव्या लागणार होत्या. परभणीतील एका खाटीकचाचांना मी मागच्या पायांच्या, टाचेवरून वर जाणाऱ्या जाड नसा (शास्त्रीय मराठीत कंडरा) अखंड काढून ठेवण्याची विनंती केली. "ह्या तर फेकूनच देतो आम्ही, भाऊ," असे म्हणून त्यांनी आठ नसा दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

बोथट सुरीने मांस आणि चरबी खरवडून, धुऊन, मी त्या पत्र्याच्या ओसरीत सावलीला टांगल्या व कावळ्यांसाठी जाळी लावली. उन्हात ठेवल्यास वरचा थर कडक होऊन आत ओल राहते. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात बारा दिवसांनी त्या बारीक, पिवळसर, अर्धपारदर्शक झाल्या आणि फळीवर आपटल्यावर लाकडासारख्या वाजू लागल्या.

खरे काम पुढचे. कडुलिंबाच्या ओंडक्यावर नस ठेवून लाकडी मोगरीने हळूहळू ठोकायची. लोखंडी हातोड्याची कड लागली की तंतू तुटतात. आधी वरचे आवरण तडकून सुटते, मग पिवळेपणा जाऊन नस पांढरी पडते, आणि टोकाशी चिरून दोन्ही हातांनी ओढली की ती लांबीत फाटत जाते. अर्धी, पाव, आणि शेवटी शिवणाच्या दोऱ्याएवढे तंतू. एका नसेला मला दोन तास लागले आणि बोटांची साले निघाली, पण वीतभर लांबीचा अखंड तंतू हातात आला की तो ताणून पाहिल्याशिवाय राहवत नसे. लांब आणि आखूड तंतूंच्या वेगळ्या जुड्या बांधून त्या कोमट रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, कारण चरबी राहिली तर सरस धरत नाही.

चूक इथेच झाली. चुलीवरून नुकताच उतरवलेला सरस तसाच वापरून मी पहिली जुडी त्यात बुडवली; क्षणात ती आखडून रबरासारखी गोळा झाली. साधारण 60 अंशांच्या पुढे नसेतील प्रथिनाची घडण मोडते आणि ती आकसते. दोन नसांची मेहनत गेली, याचे मला फार वाईट वाटले. नंतर बोट सहज बुडवता येईल इतका सरस निवू देऊनच मी प्रत्येक जुडी भिजवली, निथळली, विंचरली आणि बांबूवर लांबीत दाबून बसवली.

दोन थर पूर्ण झाले आहेत. वाळताना तंतू आकसत असल्याने दोरी न चढवताच धनुष्याची टोके पुढे वळू लागली आहेत. सरस दमट हवेत ओल धरतो, म्हणून मृगाच्या आत तिसरा थर देऊन ते घराच्या कोरड्या आतल्या खोलीत टांगायचे आहे.